मल्लिनाथचं स्टिकर

मल्लिनाथ बिराजदारचा हात लागलेली वस्तू औशात ओळखायला वेळ लागत नाही. तिच्या अंगावर कुठेतरी पिवळं स्टिकर असतं. ‘बिराजदार कॉम्प्युटर्स, बस स्टँडसमोर, औसा’ आणि खाली मोबाईल नंबर. तहसीलजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर ते आहे, बाजारातल्या आडत्यांच्या सीपीयूवर आहे, आणि कुणाच्या तरी लग्नात ऐनवेळी दुरुस्त करून दिलेल्या लाऊडस्पीकरच्या डब्यावरही आहे. त्याची बायको शिवकांता एकदा म्हणाली होती, की आता फक्त लेकराच्या कपाळाला लावायचं राहिलंय. मल्लिनाथ त्यावर नुसता हसला. खरं म्हणजे त्याला ते बोलणं आवडलंच होतं.

ही सवय बापाची. गुरुबसप्पा बिराजदार विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचे. काम झालं की ब्रश घेऊन लाल रंगाने मोटारीवर आपलं नाव टाकायचे. त्यात मिरवणं नव्हतं. मोटार पुन्हा जळाली तर ती कुणाच्या दारात आणून आदळायची, हे शेतकऱ्याला कळावं, एवढाच हेतू. आणि लोक खरोखर आणून आदळायचे, भर जेवणाच्या वेळी, शिव्या देत. गुरुबसप्पा ताटावरून उठायचे, मोटार उघडायचे, आणि चूक आपली निघाली तर सगळ्यांदेखत सांगायचे, की बाबा, माझंच चुकलं, चहा घे, तोवर करून देतो. मल्लिनाथने बापाकडून नाव टाकायची सवय तेवढी उचलली. बाकीचं घ्यायचं राहून गेलं.

तरी माणूस वाईट नव्हे, हेही सांगून टाकायला हवं. हात चांगला, बोलणं गोड, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरताना चुका झाल्या तर पुन्हा भरून द्यायचा. कौतुकाची भूक मात्र जरा जास्त. कुणी चारचौघांत ‘मल्लिनाथराव म्हणजे काय बाबा’ असं म्हटलं, की गडी दिवसभर फुलून असायचा. त्या भुकेने पुढे त्याला कुठे नेऊन बसवलं, त्याचीच ही हकिगत.

किल्ल्याच्या बाजूला एक पतसंस्था आहे. तिथे दानम्मा टेलिफोनवर बसायची. मूळची देवणीकडची, घरात कानडी, बाहेर मराठी. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. तिचे वडील त्याच पतसंस्थेचे पिग्मी एजंट, म्हणजे दुकानोदुकानी हिंडून रोजची बचत गोळा करणारे. ते गेले तेव्हा चेअरमन राजशेखर अप्पांनी मुलीला फोनवर बसवलं. अप्पा करडई-सोयाबीनचे व्यापारी, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं रोखठोक, पण दुसऱ्याच्या घरची चूल बंद पडू न देणारा माणूस. दानम्माला पगार सुरू झाला, आई तिच्याजवळ राहायला आली. दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

दानम्मा मानणाऱ्यातली नव्हती. मल्लिनाथ पतसंस्थेतला प्रिंटर बघायला गेला की तो पायऱ्या चढायच्या आतच तिची हाक यायची, “या अण्णा.” त्याची डावी चप्पल जरा घासून चालते, त्यावरून ती ओळखायची. एक दिवस तिने त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, “अण्णा, बोलणारा कॉम्प्युटर असतोय म्हणं. खरं हाय का?”

“हाय की. कशाला पाहिजे?”

“कशाला म्हंजे? ह्या फोनवर ‘अप्पा मीटिंगमधी हायत’ म्हणून म्हणून माझं तोंड दुखून राहिलं. मला काम करायचंय.”

मल्लिनाथने शोध घेतला. बोलणारे प्रोग्राम दोन तऱ्हेचे निघाले. एक विकतचा, त्याची किंमत ऐकून अप्पांनी त्याला पायऱ्यांवरूनच परत पाठवलं असतं. दुसरा मोकळा. जगात ठिकठिकाणचे लोक मिळून तो बनवत होते, त्यातले कित्येक स्वतःच आंधळे. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. मराठीसुद्धा कुणीतरी त्यात घातलेली होती. मल्लिनाथने दुकानात तो चालवून पाहिला आणि स्क्रीनवरची अक्षरं मशीन घडाघडा वाचायला लागल्यावर त्याच्या अंगावर काटा आला. दानम्माचं काम झालं, असं त्याला वाटलं.

पण अप्पांशी गाठ होती.

“फुकट?” अप्पांनी हातातला पेन खाली ठेवला. “फुकट कोण देतंय हो? कुणी बनवलंय ते?”

“जगभरचे लोक हायत, अप्पा. मिळून बनवतेत.”

“जगभरचे लोक म्हंजे कोण? त्यातला एक माणूस दाखवा मला. हितं लोकांच्या ठेवी हायत. उद्या काही झालं तर मी कॉलर कुणाची धरू?”

अप्पांचं चुकत होतं असंही नाही. बाजारपेठेत सगळा व्यवहार माणसावर चालतो. पोत्यातला माल कमी भरला तर आडत्याला धरायचं, बैल बसला तर मध्यस्थाला धरायचं. ज्याच्या मागे ओळखीचं तोंड नाही ती वस्तू कितीही चांगली असो, तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. मल्लिनाथने दाराकडे पाहिलं. बाहेर फोनपाशी दानम्मा मान किंचित तिरकी करून बसली होती. ती सगळं ऐकत होती हे उघड होतं.

“मी बनवलंय, अप्पा,” मल्लिनाथ म्हणाला. “म्हंजे मराठीतलं मीच केलंय. माझी कॉलर धरा.”

अप्पा हसले. “मग तसं सांगा की! हाव, बसवा.”

हे खोटं तो तिच्यासाठी बोलला होता, आणि ते तिथेच थांबलं असतं तर कदाचित कुणी त्याला दोष दिला नसता. पुढचे कितीतरी दिवस तो दुपारी दुकान शिवकांतावर टाकून पतसंस्थेत जायचा. स्वतःचे डोळे मिटून कीबोर्डवर बोटं फिरवायचा, मग तिला शिकवायचा. दानम्मा त्याच्या दुप्पट वेगाने शिकली. थोड्याच महिन्यांत ती खात्यांच्या नोंदी करायला लागली आणि फोनवर दुसरा माणूस आला. देवणीला तिच्या भावाने गावभर पेढे वाटले.

पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मल्लिनाथचा सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ. ‘औशाच्या तरुणाने अंधांसाठी बनवला बोलका संगणक’ अशी बातमी लातूरच्या पेपरात आली. चाळिशीच्या माणसाला तरुण म्हटल्याचं त्याला विशेष वाटलं. कात्रण दुकानात लावून झाल्यावर त्याच्या मनात आलं, की मशीन सुरू होताना मूळ नाव बोलतं, ते कुणी ऐकलं तर? मग त्याने प्रोग्राममधली मराठी शब्दांची फाईल उघडली, आणि जिथे जिथे मूळ नाव होतं तिथे तिथे ‘मल्लिनाथ वाचक’ घातलं. बनवणाऱ्यांची माहिती होती ती काढली. मदतीचा भाग होता, त्यात वापरणाऱ्यांच्या गटांचे पत्ते होते, तोही काढला आणि तिथे आपला मोबाईल नंबर टाकला. नाव बदलायला खुद्द बनवणाऱ्यांचीही ना नव्हती. आमची नावं तेवढी राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि नेमकं तेवढंच त्याने पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून दानम्माचं मशीन सुरू झालं की म्हणायचं, “मल्लिनाथ वाचक आपलं स्वागत करत आहे.” आणि ती मशीनला हात जोडून म्हणायची, “शरणू अण्णा.” सगळं ऑफिस हसायचं.

काही दिवसांनी सकाळी सकाळी तिचा फोन आला. “अण्णा, हे आज दुसरंच इंग्रजी नाव सांगून राहिलंय. तुमचं नाव गेलं कुठं?”

प्रोग्रामने आपणहून नवी आवृत्ती घेतली होती आणि तिच्याबरोबर मूळ नाव परत आलं होतं. “व्हायरस असंल. कशालाच हात लावू नको, आलोच,” म्हणत मल्लिनाथ धावत गेला. आपलं नाव पुन्हा बसवलं, आणि पुढे असं होऊ नये म्हणून नवी आवृत्ती येण्याची वाटच बंद करून टाकली. जगात कुठे कुठे माणसं बसून त्या प्रोग्राममधल्या चुका काढत होती, दुरुस्त करत होती, आणि ते सगळं औशाच्या दारापर्यंत येऊन परत जात होतं. मल्लिनाथला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. नाव टिकलं, याचंच बरं वाटलं.

असं तीन वर्षं चाललं. मग यंदा दिवाळीनंतर पतसंस्थेने हिशोबाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. आठवडा झाला नसेल, दानम्मा त्याला म्हणाली, “अण्णा, नव्या यादीत तुमचा आवाज एक घर मागं राहून राहिलाय. मी खालच्या नावावर जाते, तर हे वरचंच नाव सांगतंय. कधी बरोबर सांगतंय, कधी न्हाई.”

“बघतो,” मल्लिनाथ म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा “बघतो” म्हणाला. बघायचं म्हणजे नवी आवृत्ती आणायची, आणि नवी आवृत्ती आणायची म्हणजे नाव जायचं. पुन्हा सगळे शब्द बदलत बसावे लागणार. शिवाय हंगामाचे दिवस, दुकानात गर्दी. आज करू, उद्या करू, असं तो स्वतःला सांगत राहिला.

आणि व्हायचं ते झालं. एका म्हातारीच्या ठेवीची नोंद दानम्माच्या हातून खालच्या खात्यावर गेली. म्हातारी पासबुक घेऊन आली, तिला ठेव दिसेना, तिने पतसंस्थेत बसकण मारून असा आकांत मांडला की रस्त्यावरची माणसं आत आली. नोंद त्याच दिवशी दुरुस्त झाली, कुणाचं काही गेलं नाही. पण ठेवीदारांत कुजबूज सुरू झाली, की आंधळ्या पोरीच्या हातात आमची खाती दिलीत का? अप्पांनी केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. मल्लिनाथलाही.

“सरळ विचारतो,” अप्पा म्हणाले. “तुमच्या प्रोग्राममधी खोट हाय का?”

दानम्मा समोरच्या खुर्चीत होती. तिने मान त्याच्या आवाजाच्या दिशेने वळवली होती. ती म्हणेल, मी अण्णांना सांगितलं होतं, असं मल्लिनाथला वाटलं आणि त्याचे कान तापले. पण ती त्याच्यासाठी थांबली होती. त्याने सांगायला हवं होतं, की हाव, खोट आहे, तिने मला सांगितलंय. एवढंच वाक्य. भिंतीवर सत्काराचा फोटो होता, त्यात फेटा घातलेला तो स्वतः होता.

“प्रोग्राम बरोबर हाय, अप्पा,” तो म्हणाला. “कधी कधी ऐकण्यात फरक पडतोय माणसाच्या.”

दानम्माची मान हळूहळू सरळ झाली. बस, तेवढंच.

अप्पांनी तिला काढलं नाही. “पगार चालू राहील, पोरी. तू नुसती बसून राहा,” असं ते मायेनेच म्हणाले. दाराजवळ तिला एक टेबल दिलं. त्यावर कॉम्प्युटर नव्हता, फोनही नव्हता, कारण फोनवर आता दुसरा माणूस होता. ती सकाळी यायची, त्या रिकाम्या टेबलावर दोन्ही हात ठेवून बसायची आणि संध्याकाळी जायची. मल्लिनाथ त्या महिन्यात पतसंस्थेकडे फिरकला नाही. त्या रस्त्याने जायचं झालं तर वळसा घालून जायला लागला. आपण वळसा घेतो आहोत हे त्याला कळत होतं, आणि ते कळलं की स्वतःचीच किळस यायची.

मग येळवस आली. वेळ अमावस्येला लातूरकडे गावंच्या गावं रिकामी होतात, सगळी माणसं शेतात. दरवर्षी दानम्माचा भाऊ मल्लिनाथला देवणीच्या शेतात बोलवायचा, यंदाही फोन आला. नाही म्हणायला कारण सुचेना. शिवकांता तयार होऊन बसलेली. गेला.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा झाली, ज्वारीच्या रानात आंबील शिंपडून झाली. पंगत बसली. भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. दानम्मा पळसाच्या पानांना हात लावत लावत त्याच्यापाशी येऊन बसली.

“अण्णा, तुमी येता का न्हाई म्हणून भ्याव वाटून राहिलं होतं.”

“का बरं?”

“माझ्यामुळं तुमच्या नावाला बट्टा लागला की. अप्पा लोकांदेखत तुमाला विचारले. मी लई इचार केला. माझंच ऐकण्यात चुकलं असंल. एवढं केलं तुमी माझ्यासाठी, आणि मीच तुमच्या मशीनवर आळ घेत होते. रागावू नका.” आणि तिने चाचपडत त्याच्या पायाला हात लावला.

मल्लिनाथच्या हातात आंबिलीचा पेला होता. तो त्याला तोंडापर्यंत नेता येईना. वाकून नमस्कार करणाऱ्या त्या डोक्याकडे बघताना त्याला वाटलं, हिने मला मारलं असतं तर सोसलं असतं. ज्या एका गोष्टीवर या मुलीचा भरवसा होता, स्वतःच्या कानांवर, तीच आपण तिच्याकडून काढून घेतली. डोळे तर देवानेच दिले नव्हते, कान आपण नेले. “उठ, उठ,” एवढंच त्याच्या तोंडून आलं.

परतीच्या वाटेवर शिवकांताने मागून विचारलं, “ती माफी मागून राहिली होती का? कशाची?” त्याने ऐकू न आल्याचं निमित्त केलं आणि गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली, तशीच यादी लावून पाहिली. आवाज बरोबर चालला. प्रत्येक घर, प्रत्येक नाव, जिथल्या तिथे. बदलांची टीप वाचली, तर त्यात लिहिलं होतं, की यादीत आवाज एक ओळ मागे राहायचा तो दोष काढला आहे. कुठल्याशा परक्या देशातल्या एका आंधळ्या कारकुनाने तो कळवला होता आणि बाकीच्यांनी दुरुस्त केला होता. दिवाळीच्याही आधी. म्हणजे मल्लिनाथने काहीही करायची गरज नव्हती. त्याने नुसती वाट मोकळी ठेवली असती, तरी दानम्मा आज आपल्या खुर्चीत असती.

त्याला बापाचं ताटावरून उठणं आठवलं. तो उठला आणि, या वेळी वळसा न घेता, पतसंस्थेत गेला.

“या अण्णा,” दाराजवळच्या टेबलावरून हाक आली. तो तिच्याशी न बोलता केबिनमध्ये गेला, पण दार त्याने मुद्दाम उघडं ठेवलं.

सगळं सांगितलं. प्रोग्राम माझा नाही, नाव मी घातलं, दोष होता, दानम्माने मला दोनदा सांगितला होता, मी दाबला. त्याला वाटलं होतं, अप्पा शिव्या देतील आणि दानम्माला तिचा कॉम्प्युटर परत देतील. अप्पांनी शिव्या दिल्याच नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि थंडपणे म्हणाले, “म्हंजे ते फुकटचंच होतं. ज्याला धनी न्हाई असं. काढून टाका ते आधी.”

“अप्पा, खोट त्याची न्हाई. माझी हाय. नवं बसवलं की सगळं बरोबर—”

“हे कोण सांगून राहिलंय? तुमी! त्या दिवशीबी तुमीच सांगितलं होतं, बरोबर हाय म्हणून. आता कोणतं खरं धरू?”

त्या प्रोग्रामला औशात एकच तोंड होतं, मल्लिनाथचं, आणि ते आता कामाचं राहिलं नव्हतं. खोटं बोलून त्याने तिचं काम घालवलं होतं. खरं बोलून ते परत मिळण्याची वाटही त्यानेच बुजवली.

तो बाहेर आला. दानम्माचे हात टेबलावर तसेच होते.

“मग बनवलं कुणी?” तिने विचारलं.

“लई लोक हायत. देशोदेशीचे.”

“डोळेवाले?”

“त्यातले कितीतरी तुझ्यासारखे हायत. बनवणारेबी, वापरणारेबी. आपल्या मराठीचा गट हाय एक. सोलापूरचे, नांदेडचे... अडचण आली की एकमेकाला फोन करतेत. त्यांचे नंबर त्यात होते. मदतीच्या पानावर.”

“होते?”

“मी काढले.”

अंधशाळेतून दहावी होऊन बाहेर पडल्यावर दानम्माच्या मैत्रिणी पांगल्या होत्या. ऑफिसात बसून कॉम्प्युटर चालवणारं आपल्यासारखं दुसरं कुणी तिला ठाऊक नव्हतं. वस्तू औशात बनलेली, औशाच्या माणसाने केलेली. ती दुसरीकडे कुणी वापरत असेल असं तिच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

“तीन वर्षं,” ती म्हणाली, “तीन वर्षं मला वाटून राहिलं की अशी मी एकलीच हाय. काही अडलं की तुमची वाट बघत बसायची. नाव लावायचं होतं तर लावायचं होतं तुमी. मला नावाचं काय? माझी माणसं कशाला लपवली?”

तिचा आवाज चढला नव्हता. मल्लिनाथला रडू आलं आणि आपण रडतो आहोत ते तिला दिसत नाही, याचं आधी बरं वाटलं, मग लगेच त्याचीही लाज वाटली. पण तिला ते ऐकू गेलंच असणार. त्याने गटाचा एक नंबर सांगितला, ती पुटपुटत पाठ करत गेली. आपल्या साध्या बटणांच्या फोनवर तिने त्याच्यासमोरच तो लावला, आणि पलीकडून आवाज आला तसं त्याच्याकडे पाठ केली.

पलीकडे नांदेडची बुद्धप्रिया होती. तीही जन्मांध, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. काही दिवसांनी ती एसटीने औशाला आली, हातात पांढरी काठी, पाठीला लॅपटॉपची पिशवी. दोघी मिळून अप्पांच्या केबिनमध्ये गेल्या. मल्लिनाथला कुणी बोलावलं नव्हतं. समोरच्या हॉटेलात चहा घेत तो काचेतून बघत बसला. आत काय झालं ते त्याला नंतर शिपायाकडून कळलं. बुद्धप्रियाने लॅपटॉप उघडला, तीच यादी लावली, आणि अप्पांना म्हणाली, तुम्ही यादीवर डोळा ठेवा, मी वाचते. मग सगळी यादी वरून खाली, खालून वर वाचून दाखवली. अप्पांनी जुनाच प्रश्न विचारला, “ह्याला जबाबदार कोण?” ती म्हणाली, “मी आहे. रोज माझी नोकरी याच्यावर चालते. बिघडलं तर मला फोन करा, मी नाही उचलला तर सोलापूरचे उचलतील. आणि यापुढे इथली दानम्मा आहेच, ती आता आमच्यातली आहे.” अप्पांना धरायला कॉलर हवी होती, त्या बाईने एकाऐवजी कितीतरी पुढे केल्या. अप्पा मोठ्याने हसले म्हणे. भिंतीवरचा सत्काराचा फोटो त्याच संध्याकाळी खाली उतरला.

उन्हाळ्याच्या तोंडाला पतसंस्थेतून प्रिंटर बिघडल्याचा निरोप आला. शिपायाने दिला. मल्लिनाथ पायऱ्या चढला, डावी चप्पल नेहमीसारखी घासत. दानम्मा आपल्या जुन्या जागी होती, बोटं कीबोर्डवर, मशीन हळू आवाजात नावं वाचत होतं. तो पायऱ्यांवर क्षणभर थांबला. हाक आली नाही. तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

“कोण हाय?” तिने विचारलं.

“मी... मल्लिनाथ.”

“हं. प्रिंटर आतल्या खोलीत हाय, बिराजदार साहेब.”

त्याने प्रिंटर उघडला, अडकलेला रोलर काढून साफ केला, पुन्हा बसवला, कागद घालून चालवून पाहिला. काम काही फार मोठं नव्हतं, पण त्याने वेळ लावला. खिशात स्टिकरांची गुंडाळी होती. तिला हात लागला तसा त्याने तो मागे घेतला, पिशवी उचलली आणि दानम्माच्या टेबलाशेजारून मुकाट्याने निघाला.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“स्टिकर लावलं?”

“न्हाई.”

“लावा,” दानम्मा म्हणाली. तिची बोटं थांबली नव्हती. “बिघडलं तर कुणाला बोलवायचं ते कळाया पाहिजे.”

मल्लिनाथ परत आतल्या खोलीत गेला, एक स्टिकर सोडवलं आणि प्रिंटरच्या कडेला, नंबर नीट वाचता येईल असं लावलं.